गिऱ्हाइकाची माहिती हीसुद्धा अमानतच!

मोबाईल, संगणक आणि छोट्या व्यापाऱ्याची खबरदारी

पुण्याच्या कॅम्पात किंवा नाना पेठेत एखाद्या जुन्या टेलर मास्तरांच्या दुकानात गेलात, तर टेबलाच्या खणात एक जाडजूड वही हमखास सापडते. तिच्यात गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, छातीचे, कमरेचे, बाहीचे माप आणि कडेला टाचलेला कापडाचा तुकडा असतो. बायकांच्या मापांची वही बहुधा वेगळी असते व ती मास्तर कारागिरांच्या हातात सहसा देत नाहीत. ही वही दुसऱ्याला दाखवू नये असे कोणी कायद्याचे पुस्तक वाचून त्यांना सांगितलेले नसते. उस्तादाने शागिर्दाला सुई धरायला शिकवले तेव्हाच हेही शिकवलेले असते.

आज ही वही मोबाईलमध्ये गेली आहे. मापाच्या पानाचा फोटो, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले डिझाईन, घरपोच देण्यासाठी घेतलेला पत्ता, उधारीचा हिशेब, पैसे आल्याचे संदेश असे सर्व काही एकाच यंत्रात असते. त्याच यंत्रावर घरी मुले खेळ खेळतात, दुकानातला पोऱ्या गाणी ऐकतो आणि दोन-तीन वर्षांनी ते यंत्र जुने झाले की दोन-तीन हजार रुपयांवर आपण ते विकून मोकळे होतो. वहीला कुलूप लावणारा माणूस मोबाईल मात्र कोणाच्याही हातात देतो! या विसंगतीचा विचार व्यापारी बांधवांनी करावा म्हणून हा लेखप्रपंच.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?"

हा विषय काढला की बोहरी आळीपासून तपकीर गल्लीपर्यंत एकच उत्तर ऐकू येते, "साहेब, आम्ही छोटी माणसे. आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?" वरवर पाहता उत्तर बरोबर वाटते. पण आपल्या मोबाईलमध्ये जे साठलेले आहे त्यातले बरेचसे आपले नसतेच. ते गिऱ्हाइकाचे, पुरवठादाराचे, कारागिराचे आणि घरातल्या माणसांचे असते. चोर आला तर नुकसान त्यांचेही होते. दुसऱ्याची वस्तू सांभाळताना "माझे काय जाते?" असा हिशेब आपण कधी करीत नाही. दुरुस्तीला आलेले घड्याळ किंवा शिवायला आलेले कापड हरवले तर आपण भरपाई देतो. माहिती हरवली तर भरपाई देताच येत नाही, कारण एकदा बाहेर पडलेली गोष्ट परत खणात ठेवता येत नाही.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या बांधवांची जबाबदारी तर याहून मोठी आहे. गिऱ्हाईक काच फुटलेला फोन देते आणि वर पासवर्डही सांगते. त्या फोनमध्ये त्याच्या घरादाराचे फोटो असतात. अशा वेळी कारागिराचा हात फक्त बिघाडापुरताच चालला पाहिजे. आपल्या माणसांचे या धंद्यात नाव आहे, ते हातातल्या सफाईमुळे आहे. ते टिकायचे असेल तर नजरेतली सफाईही तितकीच लागेल.

मंगळवार पेठेतला एक धडा

पुणे शहराने या क्षेत्रात जे पाहिले आहे ते बाहेरच्या पुस्तकांपेक्षा अधिक शिकवणारे आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर हे दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केली आणि १९९० च्या सुमारास मंगळवार पेठेत स्वतःचे छोटे दुकान थाटले. पुढे संगणक आले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाड यंत्राचा नसून फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसचा आहे, असे वारंवार दिसू लागले. त्या काळी मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसने जगभर घबराट उडवली होती. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी हे व्हायरस साफ करणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातूनच १९९५ च्या सुमारास क्विक हील हे ॲन्टिव्हायरस बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर्स बाजारात नोंदले गेले.

या कहाणीतून आपल्या तरुणांनी घ्यायचा बोध सरळ आहे. दुकानात रोज एकच तक्रार दहा वेळा येत असेल तर ती तक्रार म्हणजेच नवा धंदा असतो. पदवी नसली तरी चालते. मात्र दुरुस्तीच्या टेबलावर बसून बिघाडाच्या मुळाशी जाण्याची सवय हवी. आझम कॅम्पसमध्ये संगणक शिक्षणाची सोय आहे, शहरात इतरत्रही आहे. आज छोट्या दुकानदारांच्या संगणकाची व मोबाईलची देखभाल करणारा, बॅकअप घेऊन देणारा विश्वासू माणूस प्रत्येक पेठेत हवा आहे आणि तो मिळत नाही.

चोर घरातलाच असतो तेव्हा

दुसरी हकीकत २००५ मधली. पुण्यातल्या एका मोठ्या कॉल सेंटरमधून अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या खातेदारांना सेवा दिली जात असे. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी बोलता बोलता खातेदारांकडून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. एप्रिल २००५ मध्ये पोलिसांनी त्यांना पकडले. त्या वेळी देशभर या प्रकरणाची मोठी चर्चा झाली, कारण यात कोणी संगणक फोडला नव्हता की कोणता व्हायरसही सोडला नव्हता. गोड बोलून विचारले आणि समोरच्याने सांगितले, एवढाच काय तो प्रकार!

आज वीस वर्षांनंतरही नव्वद टक्के युक्ती हीच वाटते, फक्त बोलणाऱ्याची सोंगे बदलली आहेत. कोणी बँकेचा अधिकारी होतो, कोणी वीज कंपनीचा, कोणी कुरिअरवाला. अलीकडे पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीतून हलू नका" असे सांगणारेही निघाले आहेत. अशी अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही, हे वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवावे. फोनवरून कोणाला अटक होत नाही आणि अटक टाळण्यासाठी खरा पोलीस खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

या हकीकतीची दुसरी बाजू मालकांसाठी आहे. कोणत्या नोकराला काय पाहता यावे याची मर्यादा आपण आखतो का? गल्ल्याची किल्ली आपण सर्वांना देत नाही. मग हिशेबाच्या संगणकाचा एकच पासवर्ड चौघांना कशाला? नोकर सोडून गेला की किल्ली परत घेतो तसा पासवर्डही त्याच दिवशी बदलला पाहिजे. यात नोकरावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. उद्या काही घडलेच तर निर्दोष माणसावर बालंट येऊ नये, हाही यातला फायदा आहे.

बँकच लुटली गेली तेव्हा

तिसरी हकीकत पुणेकर विसरलेले नाहीत. १९०६ मध्ये स्थापन झालेली कॉसमॉस ही येथील जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांच्या आत बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधूनही अडीच कोटी गेले. त्यानंतर १३ ऑगस्टला बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

हे कसे झाले? आपण एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, "या माणसाला पैसे देऊ का?" बँकेची यंत्रणा खाते तपासते आणि हो किंवा नाही म्हणते. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून मध्येच आपला एक खोटा मुनीम बसवला. प्रत्येक प्रश्नाला तो "हो, द्या" एवढेच म्हणत राहिला. खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा स्पष्ट केले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. हे लोक मुख्यतः एटीएममधून पैसे काढणारे हस्तक होते. यामागचे सूत्रधार देशाबाहेरचे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला.

यातला आपल्या पोरांसाठी इशारा असा की, "हे कार्ड घे, पैसे काढून दे, तुला कमिशन मिळेल" किंवा "तुझे खाते काही दिवस वापरू दे" असे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून दहा हात दूर राहावे. सूत्रधार समुद्रापलीकडे सुरक्षित राहतो आणि तुरुंगात जातो तो दहा-वीस हजारांच्या लोभाने खाते भाड्याने देणारा मुलगा. बेकार तरुणांना गाठून अशी खाती गोळा करणारे दलाल आज सर्वत्र फिरत आहेत. ज्या पैशाचा मूळ मालक कोण हे ठाऊक नाही, तो पैसा क्षणभरही आपल्या खात्यात नको.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेला शत्रू

सॉफ्टवेअरबाबत आपल्या बाजारात दोन समज पक्के आहेत. पहिला, चोरटी प्रत फुकट मिळते तर विकत कशाला घ्यायची? दुसरा, संगणक चालतो आहे ना, मग अपडेट कशाला?

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर झाला. तो कोठून शिरला? युक्रेनमधल्या व्यापाऱ्यांच्या कर भरण्याच्या आणि हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनर अडकले, ट्रकांच्या रांगा लागल्या. कोठे युक्रेनचा मुनीम आणि कोठे माल चढवण्यासाठी थांबलेला आपल्याकडचा निर्यातदार! पण दोरा एकच होता. हा हल्ला अपडेटच्याच वाटेने आला होता, म्हणून काही जण अपडेट नकोच म्हणतात. ते बरोबर नाही. तो हल्ला पुढे पसरला तो विंडोजमधल्या एका दोषामुळे, आणि त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने काही महिने आधीच देऊन ठेवली होती. ती न बसवलेले संगणक त्याला सहज सापडले. एका वैद्याचे औषध भेसळीचे निघाले म्हणून आपण औषध घेणे सोडत नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिली जाणारी सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. आपल्या दुकानांतून विंडोज १०च काय, विंडोज ७ चालणारे संगणकही दिसतात. असा संगणक बिलासाठी ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. आणि चोरट्या प्रतीबद्दल एकच सांगणे आहे. सॉफ्टवेअरचे कुलूप तोडणाऱ्याने त्यात दुसरे काय घातले आहे हे आपल्याला कधी कळणार नाही. त्यातून ती वस्तू दुसऱ्याच्या मेहनतीची आहे. आपण शिवलेल्या कपड्याचे किंवा घडवलेल्या वस्तूचे पैसे बुडवणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच येथेही लागू आहे.

कंपन्या आणि सरकार

आता मोठ्यांकडे वळू. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१ मध्ये नवे धोरण आणून "मान्य करा, नाहीतर सोडा" असा पवित्रा घेतला, तेव्हा देशभर ओरड झाली. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यासाठी मेटा कंपनीला सुमारे २१३ कोटींचा दंड केला. व्हॉट्सॲपवर दोघांमधला मजकूर कंपनीला वाचता येत नाही असे कंपनी सांगते. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो ही माहिती मजकुराहून वेगळी असते. बाजारात कोण कोणाच्या दुकानात वारंवार चढतो एवढे पाहूनही हुशार दलाल सौद्याचा अंदाज बांधतो, तसेच हे आहे.

सरकारच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. दूरसंचार खात्याचे संचार साथी हे पोर्टल उपयोगाचे आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे त्यावर कळते, हरवलेला फोन बंद पाडता येतो. पण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच घालून द्यावे असा हुकूम कंपन्यांना गेला, तेव्हा लोकांनी आक्षेप घेतला आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. आमच्या मते दोन्ही गोष्टी बरोबर झाल्या. सोय जरूर असावी, परंतु माणसाने ती आपल्या खुशीने घ्यावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. त्याचा अर्थ, मागणारा कोणीही असो, कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

२०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मोठ्या दंडाच्या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्याचा गाभा मात्र छोट्या दुकानदारानेही समजून घ्यावा. माहिती घेताना विचारून घ्या, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा आणि काम संपले की पुसून टाका. टेलर मास्तरांची वही याच नियमांवर चालत आली आहे!

कर्जाचे ॲप : सर्वांत मोठा धोका

भांडवलाची चणचण असणाऱ्या कारागिराला पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स भुलवतात. कर्ज देताना ती मोबाईलमधली सर्व नावे-नंबर मागतात. हप्ता चुकला की मग नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना घाणेरडे संदेश जातात, फोटो विद्रूप करून फिरवले जातात. या छळाला कंटाळून लोकांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो, फायली यांना हात लावू नये असे सांगितले आहे. तेव्हा जे ॲप संपर्कांची यादी मागते ते तिथेच बंद करावे. येथे तारण म्हणून सोने नव्हे तर आपली अब्रू ठेवली जाते, आणि तीही एकट्या आपली नव्हे.

दुकानासाठी काही साधे नियम

१. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करणे आणि पिन घालणे हे पैसे देण्यासाठी असते. "पैसे पाठवतो, पिन घाला" म्हणणारा चोरच समजावा.

२. गिऱ्हाईक दाखवते त्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. पैसे आल्याचा आवाज किंवा आपल्या खात्यातली नोंद पाहूनच माल द्या. आपल्या क्यूआर कोडवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हे सकाळी शटर उघडताना पाहा.

३. व्यवसायाचा फोन आणि घरचा फोन वेगळा ठेवा. ते जमत नसेल तर निदान मुलांच्या हाती धंद्याचा फोन देऊ नका.

४. फोन विकण्यापूर्वी सेटिंगमधून सर्व माहिती पुसून टाका. हाताने फोटो काढून टाकणे पुरेसे नाही. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा क्रमांक संचार साथीवर तपासून घ्यावा. चोरीचा माल निघाला तर निस्तरावे आपल्यालाच लागते.

५. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळते. आणि आपण गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या प्रतींच्या पुड्या बांधू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, रद्दीत अशी कागदपत्रे सर्रास दिसतात.

६. हिशेबाची एक प्रत आठवड्याला वेगळ्या पेनड्राईव्हवर घ्या आणि तो काढून घरी ठेवा. संगणकाला लावून ठेवलेला पेनड्राईव्ह व्हायरसच्या तावडीतून सुटत नाही.

७. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी एक गोष्ट. आपल्या बाजारात आजही कित्येक सौदे तोंडी होतात, हजारोंचा माल एका शब्दावर उचलला जातो. ही पत वाडवडिलांनी कमावली ती दुसऱ्याची ठेव आणि दुसऱ्याची गोष्ट जपूनच. मोबाईलमुळे ठेवीचे रूप बदलले आहे. गिऱ्हाइकाने आपला नंबर, पत्ता, घरातल्या लेकीसुनांची मापे आपल्याकडे ठेवली, ती आपल्यावर भरवसा टाकून. आज दुकान बंद करून घरी गेल्यावर पाच मिनिटे काढा, आपल्या फोनमध्ये दुसऱ्यांचे काय काय पडून आहे ते पाहा, आणि ज्याचे काम संपले आहे ते पुसून टाका.